गुलामी सुटली, खटला उरला

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कोर्टाचा विषय निघाला की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, कोर्ट त्यांचं, वकील त्यांचे, न्यायाधीश त्यांचा. तिथं चपला झिजवण्यात काही अर्थ नाही, रस्त्यावर या. दुसरा म्हणतो, घटना आपल्या बापानं लिहिलीय, कायदा आपल्या बाजूचा आहे. कलम दाखवा आणि न्याय घ्या. दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघंही चहा पिऊन घरी जातात. मी आज दोघांनाही अमेरिकेत घेऊन जाणार आहे. कारण हा वाद तिथं चाळीसेक लाख माणसांनी स्वतःच्या अंगावर काढलाय.

१८६० सालच्या खानेसुमारीत अमेरिकेत ३९ लाखांहून जास्त गुलाम मोजले गेले. मग यादवी युद्ध झालं, सहा लाखांहून जास्त माणसं मेली, आणि डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. गुलामगिरी संपली. शाळेच्या पुस्तकात धडा इथं संपतो. लिंकन, मुक्ती, टाळ्या. आपल्याला आज धडा इथूनच सुरू करायचाय. मुक्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? मालकानं मजुरी बुडवली तर जायचं कुणाकडं? पोरगं ओढून नेलं तर फिर्याद द्यायची कुठं? आणि फिर्याद ऐकायला समोर बसलंय कोण?

आधी गुलाम कायद्याच्या नजरेत कोण होता ते बघा. तो माल होता. त्याला दावा लावता येत नव्हता, करार करता येत नव्हता. त्याच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती. गोऱ्याच्या विरोधात त्याची साक्ष कोर्ट घेत नव्हतं. पण एका बाबतीत कायदा त्याला एकदम माणूस मानायचा. त्याच्या हातून गुन्हा घडला की तो माणूस, त्याला फाशी देता येते. हक्काच्या वेळी माल आणि शिक्षेच्या वेळी माणूस. १८५७ साली ड्रेड स्कॉटच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तर सांगून टाकलं होतं की काळा माणूस, मग तो गुलाम असो की मुक्त, या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. हा निकाल वेडगळ माणसांनी दिला नव्हता. देशातल्या सगळ्यात शिकलेल्या न्यायमूर्तींनी दिला होता.

आता मुक्तीनंतरचं पहिलं वर्ष. हरलेले मालक विधानसभांत जाऊन बसले आणि त्यांनी नवे कायदे केले. त्यांना तिथं ब्लॅक कोड म्हणतात. मिसिसिपी राज्याचा १८६५चा कायदा घ्या. काळ्या माणसाकडं दर जानेवारीत कामाचा पुरावा पाहिजे. वर्षाचा करार करायचा, आपल्याकडच्या सालगड्यासारखा. साल संपायच्या आत काम सोडलं तर केलेल्या कामाचीही मजुरी बुडाली. पळालेल्याला कुणीही पकडून आणावं, आणणाऱ्याला पाच डॉलर आणि वर मैलामागं दहा सेंट मिळणार. आणि ते पैसे कापायचे कुणाच्या मजुरीतून? पकडलेल्याच्याच. काम नाही असं दिसलं की तो भटक्या-उनाड ठरणार आणि त्याला पन्नास डॉलरपर्यंत दंड होणार. पाच दिवसांत दंड भरला नाही तर शेरीफ त्याला भाड्यानं देणार, जो कोणी दंड भरेल त्याच्याकडं. गावाबाहेर शेतजमीन खंडानं घ्यायलाही बंदी. साउथ कॅरोलिनात शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा कुठलाही धंदा करायचा तर काळ्या माणसानं न्यायाधीशाकडून परवाना काढायचा आणि वर्षाला दहा ते शंभर डॉलर भरायचे.

या कायद्यात ‘गुलाम’ हा शब्द कुठंच नाही. करार आहे, दंड आहे, परवाना आहे, कोर्ट आहे. आधी चाबूक मालकाच्या हातात होता. आता तो मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर ठेवला, एवढंच.

याच्या विरोधात काय उभं होतं? मार्च १८६५ मध्ये केंद्र सरकारनं मुक्त झालेल्यांसाठी एक खातं काढलं होतं, फ्रीडमेन्स ब्युरो. प्रमुख होता जनरल हॉवर्ड. या ब्युरोनं ठिकठिकाणी स्वतःची कोर्टं चालवली. अधिकारी बहुधा लष्करी. समोर मुक्त झालेला माणूस यायचा, बाई यायची, आणि सांगायची : अमुक मालकानं पिकातला वाटा दिला नाही, तमक्यानं मारलं, माझी मुलं अडकवून ठेवलीत. शिकलेली माणसं नव्हती ही. गुलामाला वाचायला शिकवणं दक्षिणेत बऱ्याच राज्यांत गुन्हाच होता. तरी काल सुटलेली माणसं आज दहा-वीस मैल चालत कचेरीत आली आणि म्हणाली, लिहून घ्या. हे नीट ऐका. कोर्ट आपलं आहे की त्यांचं, असली चर्चा करायला त्यांना फुरसत नव्हती. आपलं गाऱ्हाणं सरकारी कागदावर चढलंच पाहिजे, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

ब्युरोची कोर्टं काही स्वर्ग नव्हती. अख्ख्या दक्षिणेसाठी एका वेळी नऊशेपेक्षा जास्त माणसं ब्युरोकडं कधी नव्हती. काही अधिकारी मळेवाल्यांच्या पंगतीला बसणारे होते. मुकाट्यानं करार पाळ, असंच ते मजुराला सांगायचे. पण या कोर्टांमुळं एक चमत्कारिक गोष्ट घडली. राज्यांना आपली कोर्टं परत हवी होती. ब्युरोचं म्हणणं, काळ्यांची साक्ष घ्या मग बघू. तेव्हा कितीतरी राज्यांनी काळ्या माणसाची साक्ष कायद्यानं मान्य केली. मन बदललं म्हणून नव्हे. शेजारी दुसरं कोर्ट उभं होतं म्हणून.

एप्रिल १८६६ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनचा नकार झुगारून नागरी हक्कांचा कायदा केला. त्यात काय आहे? करार करायचा हक्क, दावा लावायचा हक्क, साक्ष द्यायचा हक्क, जमीनजुमला घ्यायचा, विकायचा, वारसानं मिळवायचा हक्क. ऐकायला किती रुक्ष! आपल्या पोरांना असल्या यादीत क्रांती दिसत नाही. पण ज्याला काल कोर्टाच्या दारात माल म्हणून लिलावाला उभं केलं, तो आज त्याच दारातून वादी म्हणून आत जातो, याला क्रांती नाही तर काय म्हणायचं?

एलिझाबेथ टर्नर नावाच्या मुलीची गोष्ट सांगतो. मेरीलँड राज्यात १ नोव्हेंबर १८६४ला गुलामगिरी संपली. दोनच दिवसांत तिचं नाव पुन्हा जुन्याच मालकाच्या, हॅम्बल्टनच्या खात्यावर चढलं. या वेळी गुलाम म्हणून नव्हे, ‘उमेदवार’ म्हणून. काम शिकवतो असं सांगून पोर ठेवून घ्यायचं. गोऱ्या उमेदवाराला लिहायला-वाचायला शिकवणं मालकावर बंधनकारक होतं, काळ्याच्या करारात ती अट नव्हती. आणि काळ्या पोराला दुसऱ्याच्या हवाली करण्याचीही मुभा होती. अशी शेकडो पोरं अडकवली होती. १८६७ साली एलिझाबेथच्या वतीनं बाल्टिमोरच्या केंद्रीय कोर्टात अर्ज झाला आणि सरन्यायाधीश चेस यांनी तिला सोडून दिलं. ते म्हणाले, ही नाव बदललेली गुलामगिरी आहे, तेराव्या दुरुस्तीत आणि १८६६च्या कायद्यात बसत नाही. एका पोरीनं राज्याचा कायदा पाडला.

म्हणजे कोर्टात जिंकता येतं तर! थांबा. पुढं ऐका.

१८६८ला चौदावी दुरुस्ती आली : नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण. १८७०ला पंधरावी : मत. त्याच वर्षी केंद्राचं न्यायखातं निघालं. कू क्लक्स क्लॅनचे बुरखेवाले रात्री घरं जाळत होते, माणसं मारत होते. १८७१ साली साउथ कॅरोलिनाच्या नऊ जिल्ह्यांत लष्कर घुसलं, धरपकड झाली आणि कोलंबिया शहरात खटले उभे राहिले. ज्युरीत बहुसंख्य काळे. सहा वर्षांपूर्वी ज्यांची साक्षही चालत नव्हती, ते आता ज्युरीच्या बाकावर बसून गोऱ्या गुंडांचा निकाल लावत होते. कितीतरी क्लॅनवाल्यांनी मुकाट गुन्हा कबूल केला. याच राज्याच्या सुप्रीम कोर्टात १८७० पासून जोनाथन जॅस्पर राइट हा काळा न्यायमूर्ती बसत होता. कायदा तोच, पुस्तक तेच. पण बाकावर माणूस दुसरा आणि दाराबाहेर शिपाई दुसरा. लगेच निकाल फिरले.

आणि हे दोन्ही काढून घेतल्यावर काय होतं ते लुइझियानात कोलफॅक्स या गावी दिसलं. निवडणुकीचा तंटा होता. काळ्या लोकांनी तिथली कचेरी ताब्यात धरली होती. कचेरी म्हणजे कोर्टाचीच इमारत. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. गोऱ्यांचा सशस्त्र जमाव तोफ घेऊन आला. कोर्टाला आग लावली. शरण आलेल्यांना नंतर गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा कुणी साठ सांगतं, कुणी दीडशे. आरोपपत्रात सुमारे शंभर नावं. खटला उभा राहिला नऊजणांवर. दोषी ठरले तीन. आणि १८७६ साली सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही सोडलं. कारण काय? चौदावी दुरुस्ती राज्य सरकारला बांधते, खाजगी माणसांना बांधत नाही. खाजगी माणसानं मारलं असेल तर राज्याच्या कोर्टात जा. राज्याचं कोर्ट कुणाच्या हातात होतं हे न्यायमूर्तींना ठाऊक नव्हतं असं नाही.

१८७३ हे साल मुद्दाम लक्षात ठेवा. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ निघालं. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना जोतीरावांनी ते अर्पण केलं. इतक्या दूर पुण्यात बसून या माणसानं त्या मुक्तीशी आपलं नातं जोडलं. ते नातं खरं होतं. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून तेच पुढं नेलं. आणि १९७२ साली पोरांनी ब्लॅक पँथरवरून स्वतःचं नाव घेतलं. म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जोतीरावांनी ज्या मुक्तीला सलाम केला, तिचं पुढं कोर्टात काय झालं हे बघणं आपलंच काम आहे.

तर पुढं. १८७७ला केंद्रानं हात काढून घेतला. राइट यांना न्यायमूर्तिपद सोडावं लागलं. १८८० साली सुप्रीम कोर्टानं एक चांगला निकाल दिला. वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्यात ज्युरी फक्त गोऱ्यांची असं लिहिलं होतं, तो कायदा रद्द केला. वा! पण त्याच दिवशी दुसऱ्या खटल्यात तेच कोर्ट म्हणालं की नुसतं ज्युरीत काळा माणूस नाही म्हणून भेदभाव सिद्ध होत नाही. झालं. राज्यांना युक्ती सापडली. कायद्यात लिहू नका, यादी करताना नाव गाळा. त्यानंतर कित्येक दशकं दक्षिणेत काळ्या आरोपीसमोर गोरीच ज्युरी बसली. लिहिलेला भेदभाव पाडता येतो. न लिहिलेला, कारकुनाच्या बोटातला भेदभाव, तो कसा पाडायचा?

१८७५ला खानावळी, नाटकगृहं, गाड्या सगळ्यांना खुल्या करणारा कायदा झाला होता. १८८३ साली सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक मतानं तो मोडला. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी निकालात जे म्हटलं त्याचा आशय असा : गुलामीतून वर आलेल्या माणसानं कधीतरी कायद्याचा खास लाडका असणं सोडावं आणि साधा नागरिक व्हावं. मित्रांनो, किती वर्षं झाली होती मुक्तीला? अठरा. दोन-अडीचशे वर्षांच्या गुलामीनंतर अठरा वर्षांत हे ‘लाडके’ झाले! विरोधात मत दिलं ते एकट्या हार्लन यांनी, आणि ते स्वतः एके काळी गुलाम बाळगणारे. हे ‘लाडके’ प्रकरण तुम्ही कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? वाटणारच. २०१८च्या मार्चमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं अत्याचारविरोधी कायद्याचा गैरवापर होतो म्हणून अटकेआधी परवानगी आणि चौकशीच्या अटी घातल्या होत्या. २ एप्रिलला लोक रस्त्यावर आले, माणसं मेली, मग संसदेनं कायद्यात दुरुस्ती करून त्या अटी काढल्या. पुढच्या वर्षी कोर्टानंही त्या मागं घेतल्या.

तेराव्या दुरुस्तीत एक भोक होतं. गुलामगिरी नको, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून चालेल. या भोकातून सगळी जुनी व्यवस्था परत आत आली. काळ्या माणसाला किरकोळ गुन्ह्यात धरायचं, दंड ठोकायचा आणि कैदी म्हणून खाणीत, मळ्यात, रेल्वेच्या कामावर ठेक्यानं द्यायचा. अलाबामा राज्यात हा ठेका १९२८ पर्यंत चालला.

त्याच अलाबामात अलोंझो बेली नावाचा मजूर होता. १९०७च्या डिसेंबरात त्यानं एका कंपनीकडून १५ डॉलर उचल घेतली, वर्षभर महिना १२ डॉलरवर राबायचं ठरलं. महिनाभरानं काम सोडलं. राज्याचा कायदा काय म्हणत होता? उचल घेऊन काम सोडलं आणि पैसे परत केले नाहीत, की फसवणुकीचा इरादा गृहीत धरायचा. आणि माझ्या मनात तसं नव्हतं, हे सांगायची आरोपीला कोर्टात मुभाच नाही. त्याला दंड झाला ३० डॉलर आणि कोर्टखर्च. भरता आला नाही तर सक्तमजुरी १३६ दिवस. हिशेब बघा : दंडापोटी २० दिवस, कोर्टखर्चापोटी ११६. म्हणजे गुन्ह्यापेक्षा कोर्टच महाग! १९११ला सुप्रीम कोर्टानं हा कायदा पाडला. तेही बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासारख्यांनी मागं राहून खटल्याला मदत उभी केली म्हणून.

उचल हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या आपल्या माणसांना मुकादमाची उचल काय असते ते माहीत आहे. आणि इंग्रजांनी इथंही तेच केलं होतं. १८४३च्या कायद्यानं गुलामीचा दावा कोर्टांनी मानू नये असं सांगितलं, आणि १८५९ला करार मोडणाऱ्या कामगारांचा कायदा आणला. उचल घेऊन काम केलं नाही तर मॅजिस्ट्रेट शिक्षा देणार. तो कायदा १९२०च्या दशकापर्यंत पुस्तकात होता. पुढं १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा आला, आणि त्यानं गाडी बरोबर उलटी फिरवली. मजूर म्हणाला की हे कर्ज वेठीचं आहे, तर ते तसं नाही हे सावकारानं सिद्ध करायचं. अलाबामात संशय मजुरावर होता, इथं पुरावा मालकानं द्यायचा. असं कलम आपल्याकडं आहे. किती तालुक्यांत वापरलं जातं हे तुम्ही स्वतः जाऊन विचारा.

आता हेन्रिएटा वुड या बाईचं ऐका. केंटकीत गुलाम म्हणून जन्मली, १८४८ला सिनसिनाटीत कायदेशीर मुक्त झाली. १८५३ला झेब्युलन वॉर्ड नावाच्या माणसानं तिला पळवून पुन्हा विकलं. तिनं तेव्हाच केंटकीत खटला केला, हरली. मिसिसिपी, टेक्सास असं करत आणखी कितीतरी वर्षं गुलामीत आणि राबण्यात गेली. १८६९ला ती सिनसिनाटीला परत आली आणि १८७०ला तिनं वॉर्डवर वीस हजार डॉलरचा दावा लावला. तोवर वॉर्ड तुरुंग ठेक्यानं घेऊन, कैदी राबवून गबर झाला होता. खटला आठ वर्षं चालला. १८७८ला बारा गोऱ्यांच्या ज्युरीनं तिला अडीच हजार डॉलर दिले. मागितलं त्याच्या आठवा हिस्सा. पण गुलामगिरीची भरपाई म्हणून अमेरिकन कोर्टानं दिलेली एवढी मोठी रक्कम दुसरी माहीत नाही. पैसे आले. तिचा मुलगा पुढं शिकागोत वकील झाला.

अशा बायामाणसांची संख्या थोडी नव्हती. जुने खटले चाळणाऱ्या अभ्यासकांना दिसलं की ज्या काळात काळ्यांचं मत हिरावलं, त्यांना झाडांना लटकवलं, त्याही काळात दक्षिणेतली साधी माणसं जमीन, मृत्युपत्र, करार, अपघात यांचे दावे गोऱ्यांवर लावत होती. आणि वरच्या कोर्टात पोचलेल्या अशा दाव्यांत निम्म्याहून जास्त जिंकत होती. हे कसं? मालक एका खटल्यात हरला तर व्यवस्था हलत नाही, म्हणून कोर्टाला ते परवडत होतं. ज्युरी, मत, अत्याचार असे सत्तेला हात घालणारे खटले आले की तेच कोर्ट दार लावायचं. ही विभागणी ओळखायला शिका.

मग आपल्या दोन तटांना काय उत्तर द्यायचं? कोर्ट त्यांचं म्हणून सोडून देणाऱ्याला मी म्हणेन, एलिझाबेथ टर्नरच्या तोंडाकडं बघून सांग. ज्याची मजुरी बुडालीय, ज्याच्या पोरीवर अत्याचार झालाय, त्याला उद्याच्या क्रांतीपर्यंत थांब म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि कलमावर विसंबणाऱ्याला म्हणेन, चौदाव्या दुरुस्तीतला एक शब्दही १८६८ ते १८८३ मध्ये बदलला नव्हता. बदललं ते बाकी सगळं.

म्हणून कायदा आला की टाळ्या वाजवण्याआधी चार प्रश्न विचारा. साक्ष कोण देणार, आणि साक्ष दिल्यावर तो त्याच गावात जगणार कसा? निकाल देणाऱ्या बाकावर कोण बसलंय, आणि यादीतून कुणाचं नाव गळलंय? हुकूम बजावायला शिपाई कुणाचा जाणार? आणि तारखांचा, कोर्टाचा खर्च कोण सोसणार? महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७चा आणि हायकोर्टाचा निकाल १९३७चा. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर, तरी दहा वर्षं. ज्याच्याकडं बॅरिस्टर नाही त्याला किती?

या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नाहीत, ती आपण माणसं उभी करून द्यायचीत. अत्याचारविरोधी कायद्यात २०१५च्या दुरुस्तीनं पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षणाचा, प्रवासखर्चाचा हक्क दिलाय. तो मागायला कोण जातं? आपल्या वस्तीत एल्एल्. बी. करणारी पोरं आहेत. त्यांनी बोर्ड लावून नोटरीची शिक्के मारण्यापेक्षा साक्षीदाराबरोबर तालुक्याच्या कोर्टात बसावं. बाकीच्यांनी प्रत्येक तारखेला कोर्टाच्या आवारात दहाजण दिसतील एवढं बघावं. काही बोलायचं नाही, घोषणा नाही, फक्त दिसायचं. साक्षीदाराला पाठ लागते. आणि जे सांगायचं ते लिहून द्यायचं, पोच घ्यायची, नक्कल जपायची. काल गुलामीतून सुटलेल्या, अंगठा उमटवणाऱ्या माणसांनी दीडशे वर्षांपूर्वी ब्युरोच्या कचेरीत जे सांगितलं ते लिहून ठेवलं गेलं, म्हणून आज मी तुमच्यापुढं हे बोलू शकलो.

रस्ता सोडू नका. पण रस्त्यावरून येताना कोर्टाच्या पायऱ्या चढा, आणि आत गेल्यावर मान वर ठेवा.

जयभीम.